आत्याबाईंची झोप आणि दोन हिरवे बांबू

माझी बासरी कूलरमुळे फुटली, हे माझं मत आहे. आमच्या ह्यांच्या मते कूलर निर्दोष असून बासरीच मुळात कच्ची होती. ज्या माणसाने तो कूलर स्वतःच्या हाताने दुरुस्त केलाय, त्याचं मत याहून वेगळं असणार नाही, म्हणून मी ते विचारात घेत नाही.

मे महिना, हिंगोली, दुपार. आत कूलरचं ओलं वारं, आणि बाहेर अंगणात राहिलेली चप्पलसुद्धा पायात घालवत नाही असं ऊन. वाजवताना बासरी ओल्या वाऱ्यात, वाजवून झाली की खिडकीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर उन्हात. म्हणजे बिचारी रोज एकदा फुगत होती आणि रोज एकदा आकसत होती. बांबू हे पुष्कळ दिवस सोसतो, तक्रार करत नाही, आणि मग एकदम करतो. एका दुपारी मी गवार निवडत होते आणि पेटीवरून ‘टक्’ असा आवाज आला. बांबू आडवा मोडत नाही, उभा चिरतो. त्याचे धागेच तसे लांबीने धावतात. वरपासून खालपर्यंत केसाएवढी रेघ. दिसायला काहीच नाही. पण फुंकर मारली की सूर तयार व्हायच्या आधीच हवा त्या रेघेतून पळून जायची. खालचा सा तर घर सोडूनच गेला.

एक बासरी फुटली, दुसरी घ्यावी, यात एवढं लिहिण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या बासरीवर आमच्या घरातली एक झोप अवलंबून होती.

झोप आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सखुबाई. ऐंशी कधीच ओलांडली, कंबर दुखावल्यापासून खाटेवर असतात. जीभ तेवढी चालती-फिरती राहिली. मी मोबाइलवर बघून बासरी शिकायला लागले तेव्हा अख्ख्या गल्लीत सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच होता. “बाईमाणसानं पावा वाजवावा व्हय? आन् गुरं कुठं हायेत तुझी?”  पण दुपारची जेवणं झाली आणि मी वाजवायला बसले, की धून अर्ध्यावर यायच्या आत त्या घोरायला लागत. उठल्यावर म्हणत, “तुझ्या पिरपिरीनं कंटाळा येतो बाई, डोळा लागतो.” मी यालाच दाद समजत आले. त्या झोपल्या की चहाची वेळ होईपर्यंत घर माझं.

बासरी फुटली आणि ती झोप गेली. रात्रीची त्यांना आधीपासूनच लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले, या वयात गोळी नको, त्यांना दुपारची सवय आहे ती मोडू देऊ नका. सवय मोडली होतीच. आत्याबाईंचे डोळे खोल गेले, भाकरी चतकोरावर आली, आणि दुपारभर त्या काठी आपटू लागल्या.

ही काठी गुढीची. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला डोंगरकड्याहून, त्यांच्या माहेराहून आलेली. पुरुषभर उंच, बारीक, मधासारख्या रंगाची. दर पाडव्याला तिला न्हाऊ घालायचं, तेलाचा हात फिरवायचा, आणि गुढी उतरली की पुन्हा वर ठेवून द्यायची. आधीच्या घरात चुलीच्या वर आढ्याला, या घरात माळ्यावर. यंदा ती माळ्यावर गेलीच नाही. खाटेवरून ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, असा शोध आत्याबाईंना लागला. पंख्याचं बटणही तिनेच दाबता येतं. उंबऱ्यावर सारखं ‘टण् टण्’. मी हातातलं टाकून जायची.

“काय पाहिजे, आत्याबाई?”

“काय न्हाई. हायेस का बघितलं.”

मी आधी बासरीवरच उपचार केले. रेघेत फेविक्विक भरलं, वरून दोरा गुंडाळला, दोऱ्यावर इन्सुलेशन टेप लावला. बासरी अपघातातून उठल्यासारखी दिसायला लागली आणि तशीच बोलायलाही लागली. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या पाव्याला दमा झाला का गं?” तशीच दुसरी मिळावी तर ती ज्याच्याकडून घेतली तो फिरता विक्रेता पुन्हा आमच्या गावाकडे फिरकलाच नाही. आमची मुलगी प्रतिक्षा पुण्याला असते. तिने ऑनलाइन एक पाठवली. ती एवढीशी, करंगळीसारखी, आवाज असा धारदार की गल्लीतलं कुत्रं सावलीतून उठून उन्हात गेलं. “ही जत्रंतली हाय,” आत्याबाई म्हणाल्या, आणि टण्.

मग आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. हे, म्हणजे विश्वंभरराव, नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. जगातल्या बहुतेक अडचणींवर त्यांच्याकडे पीव्हीसी पाइप हे एक उत्तर असतं.

“पाइप म्हणजे पाइप. हवा आत जाती, बाहेर येती, आवाज होतो. त्याला बांबूच पाहिजे असं कुठं लिहून ठेवलंय?”

त्यांनी रविवारी ड्रिल काढलं, माझ्या फुटक्या बासरीवरून मापं घेतली आणि पांढऱ्या पाइपाची बासरी करून दिली. मला कबूल केलं पाहिजे, ती वाजली. स्वच्छ, सरळ, इस्त्री केल्यासारखे सूर. खोट काढायला जागा नव्हती, आणि तरीही काहीतरी खटकत होतं. बांबूची आतली भिंत जराशी खरबरीत असते. सूर तिला घासून येतो. त्याच्याआधी थोडी फुंकर ऐकू येते, जसं एखादं माणूस बोलायच्या आधी घसा साफ करतं. पाइपातला सूर घसा-बिसा काही साफ करत नाही. तो एकदम येऊन उभा राहतो.

तर मी तो खालचा सा लांब धरला. धरला मात्र, उंबऱ्यावर टण् टण् टण्, आणि आत्याबाई ओरडल्या, “इश्वंभरा, ऊठ! नळ आला!”

परगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. पण पाणी यायच्या आधी तोटीतून हवा येते, आणि ती हवा एक लांब शीळ घालते. त्या शिळेवर आमची गल्ली झोपेतूनही उठते. माझा सा हुबेहूब ती शीळ होता. शेजारची रूपाबाई हंडे घेऊन बाहेर आली. समोरच्या पुंजाजीकाकांनी मोटर चालू केली आणि ती कोरडीच फिरत राहिली. मी मात्र डोळे मिटून सा धरून होते. माझा दम वाढलाय याचं मला तेव्हा कौतुक वाटत होतं.

पुंजाजीकाका तहसिलातून निवृत्त झालेत, पण त्यांचं बोलणं अजून नोकरीत आहे. ते मोटरीच्या जळक्या वासासकट दारात आले.

“पाणीपुरवठ्याच्या इसमाच्या घरातून नळाचा आवाज निघतो आन् नळाला पाणी निघत न्हाई. ही जनतेची दिशाभूल हाय, विश्वंभर. आमच्या मोटरीला तकलीफ झाली ती निराळी.”

हे त्या दिवशी जेवले नाहीत. पाइपाची बासरी आता तुळशीला आधार म्हणून कुंडीत उभी आहे.

बांबूशिवाय भागणार नाही हे ठरलं, आणि ठरल्याबरोबर ते माझं एकटीचं राहिलं नाही. पुंजाजीकाका रोज एक कलम वाढवू लागले. बांबू अमावस्येलाच तोडायचा. चांदण्यात तोडला की भुंगा लागतो आणि आतून पीठ पडतं. तोडला की धूर द्यायचा. धूर साध्या लाकडाचा चालणार नाही, खाली कडबा, वर गोवऱ्या. धूर दिला की सुतळीने बांधून सावलीत टांगायचा, नाही तर वाकतो. रूपाबाई तांड्यावर वाढलेली, तिचं वेगळंच.

“भाभी, धूर-बिर ऱ्हाऊ द्या. तेल पाजा. आमचा बाप काठीला वरीसभर तेल पाजायचा. काठी मंग माणसाच्या आधी मरत न्हाई.”

“वर्षभर? आत्याबाईंना आज झोप पाहिजे, रूपाबाई.”

“मंग धूर द्या,” ती म्हणाली. पण तिचा चेहरा काही पटलेला नव्हता.

माझा भाऊ सोमेश्वर साखऱ्याला असतो. त्याच्या बांधावर बांबूचं बेट आहे. रूपाबाईला आत्याबाईंजवळ बसवून मी अमावस्येला सकाळीच निघाले. सोमेश्वर कोयता घेऊन तयार होता.

“अक्के, बासरीला न्हेणार म्हणल्यावर एक नंबरचा माल देतो. हलका देणार न्हाई.”

आणि आम्ही बहीण-भावाने बांबू निवडला. हाताने उचलून बघितला, भार बघितला, खांदा लावून दाबून बघितला. “ह्यो बघ, ह्याच्यावर दोन माणसं चढली तरी वाकायचा न्हाई,” तो म्हणाला, आणि मी समाधानाने मान हलवली. आमच्या खानदानात बांबू असाच निवडतात. मांडवाला, शिडीला, छपराला. जड तो चांगला, भरीव तो उत्तम. बासरीवर कुणी चढणार नाही, आत नुसती हवा चढायची आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, हातभर तुकडा पुरे. सोमेश्वर दुखावला.

“भावानं तुकडा दिला म्हणतील हिंगोलीत. अख्खे न्हे. आन् जोडीनं न्हे.”

दोन अख्खे हिरवे बांबू आप्पे ऑटोच्या टपावर बांधले. मागच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या, गोवऱ्यांचं पोतं, सुतळीचं बंडल. वाटेत पुसेगावला बाजार होता, तिथे आत्याबाईंच्या उशाशी पाण्याला ठेवायला एक छोटं मडकं घेतलं आणि फुटू नये म्हणून मांडीवर धरून बसले. आता लिहिताना मला ते सगळं चित्र लख्ख दिसतं. तेव्हा मी त्या चित्राच्या आत बसले होते.

ऑटोवाल्याने आरशातून दोनदा बघितलं. “कुणासाठी, ताई?”

“सासूबाईंसाठी,” मी म्हटलं.

त्याने चालू असलेलं गाणं बंद केलं. मला वाटलं, सुसंस्कृत मुलगा आहे, बायकांचा मान ठेवतो.

पुढे वनखात्याच्या नाक्यावर खाकी कपड्यातल्या एका साहेबांनी हात केला.

“हिरवा बांबू. पास कुठंय?”

“भावाच्या बांधावरचा आहे हो.”

“सातबाऱ्यावर नोंद?”

मी सोमेश्वरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “सातबाऱ्यावर सोयाबीन हाय, साहेब. बांबूची नोंद न्हाई.”

“मग बांबू आला कुठून?”

“नोंदच न्हाई म्हणल्यावर बांबू हाय कुठं? जे न्हाई ते न्हेलं, तर गुन्हा कशाचा?”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. खुर्चीतले दुसरे साहेब म्हणाले, बांबू आता झाडात धरत नाहीत, गवतात धरतात. पहिले साहेब टपाकडे बघून म्हणाले, “येवढं गवत खाणारं जनावर दाखवा मला.” मी उन्हात मडकं धरून उभी. एका बासरीपायी आपल्यावर कुठली वेळ आली, असं वाटून माझा चेहरा पडला असणार. साहेब कागद मागत ऑटोच्या मागे गेले. कडबा बघितला, गोवऱ्या बघितल्या, सुतळी बघितली. मग माझ्या हातातलं मडकं बघितलं, आणि हळूच टोपी काढली.

“माफ करा ताई. आधी सांगायचं ना. कोण?”

“सासूबाई.”

“वय?”

“पंच्याऐंशीच्या आसपास.”

“चांगलं वय हाय,” ते म्हणाले. “जा तुम्ही. पासाचं राहू द्या.”

वयाचा बांबूशी काय संबंध, हे मला कळलं नाही. पण सरकारी माणसाने आपल्यापुढे टोपी काढली, याचा मला नाही म्हटलं तरी अभिमान वाटला. चारचौघींत बरं दिसण्यासारखं आपल्या वागण्या-बोलण्यात काहीतरी असणार, असा विचार करत मी हिंगोलीत शिरले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुंजाजीकाका उभे होते. त्यांनी ऑटो बघितला, मला बघितलं, खांद्यावरचा गमछा डोक्याला गुंडाळला आणि ऑटोच्या पुढे चालू लागले, हात वर करून, गल्लीतल्या सायकली बाजूला करवत. बांबू लांब असल्यामुळे ऑटो हळू. बातमी मात्र हळू नव्हती. आम्ही घरापाशी पोचेपर्यंत दारात चपला, ओट्यावर पुंजाजीकाकांच्या घरच्या खुर्च्या. हे ऑफिसातून स्कूटरवर आले, हेल्मेट काढायचं विसरले आणि तसेच पायरीवर बसले. हेल्मेटच्या आतून हुंदके येत होते.

आणि रूपाबाई. ती तिच्या घरातून धावत आली, पिठाचे हात तसेच, आणि तिने मला मिठी मारून हंबरडा फोडला.

“सकाळी माझ्या हातचा चहा पिली वो भाभी! मी दोन भाकरी थापाया गेले, येवढंच! तोंडावर पदर घिऊन निजली व्हती माय!”

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पुढे ती मी पुष्कळ वेळा हसत सांगितलीही आहे. पण त्या क्षणी काय झालं ते सांगते. ते सगळे माझे बांबू बघून रडत होते, आणि मी त्यांचं रडणं बघून खरं समजले.  मी झोपेसाठी बांबू आणायला गेले, आणि इकडे त्या निजल्या त्या निजल्याच. मी नव्हते. त्यांनी काठी आपटली असेल आणि मी नव्हते, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मडकं हातात तसंच.

आतून आवाज आला. टण्.

रूपाबाईची मिठी सुटली.

टण् टण्. “कोण गेलं गं? आन् मला कुणी काहून सांगत न्हाई?”

हे हेल्मेटसकट आत पळाले. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या, तोंडावरचा पदर बाजूला करून दाराकडे बघत होत्या. दारातून ऑटोचा टप दिसत होता. त्यांनी बांबू बघितले, कडबा बघितला, माझ्या हातातलं मडकं बघितलं. त्यांना समजायला साहेबांपेक्षाही कमी वेळ लागला.

“माझ्यासाठी आणले?”

“बासरीला, आत्याबाई. तुमच्या झोपेसाठी,” मी म्हटलं, आणि माझंच मला ऐकू आलं.

“येवढे जाड?” त्या म्हणाल्या. “मी काय हत्तीण हाये का?”

त्या दुपारी आत्याबाई कितीतरी दिवसांनी खुशीत होत्या. रूपाबाईला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोण खरं रडलं आणि कोण पदराआडून फोनमध्ये बघत होतं, याची सविस्तर चौकशी केली. “पुंजाजी, तू रडला का रे?” यावर पुंजाजीकाका म्हणाले, “मी व्यवस्था बघत होतो, काकू.” संध्याकाळच्या आत डोंगरकड्याहून त्यांचे भाचे जीप भरून आले, रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी घेऊन, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. सगळ्यांनी अंगणात बसून ते पिठलं खाल्लं. आत्याबाईंनी पूर्ण भाकरी खाल्ली.

“मेल्यावर हे मला खायला भेटलं नसतं,” त्या म्हणाल्या.

झोपल्या मात्र नाहीत.

आता बासरी होणं भाग होतं. एवढं रडून झाल्यावर बासरी नाही म्हणजे गल्लीने आम्हाला माफ केलं नसतं. मी बांबू कापला आणि आत बघितलं. आत बांबूच होता. पोकळी म्हणावी तर पेन्सिल जाईल एवढी. भोवती बोटभर जाड, ओली, पांढरी भिंत. सोमेश्वरने खरोखरच एक नंबरचा माल दिला होता. तरी मी पुंजाजीकाकांच्या देखरेखीखाली कडबा आणि गोवऱ्या पेटवल्या आणि एक पेर दोन्ही गाठींसकट धुरावर धरलं. बंद पेरातलं पाणी तापलं, त्याला वाट सापडेना, आणि पेराने स्वतःच वाट काढली. एवढा मोठा आवाज झाला की लोक पुन्हा दारात आले. या वेळी गमछे न गुंडाळता. आतून आत्याबाई म्हणाल्या, “मी न्हाई गं बाई.”

दुसऱ्या तुकड्याला मी चिकाटीने तापल्या सळईने भोकं पाडली. बशीतला चहा फुंकून गार करताना येतो, तेवढा आवाज त्यातून आला. तिसऱ्यात तोही नाही. भिंत एवढी जाड, की फुंकर भोकातून आत पोचेपर्यंतच दमायची.

मी अंगणात तुकड्यांच्या ढिगाजवळ बसले होते. कपाळावर काजळी, बोटांना फोड. रागाने एक तुकडा उचलून पायरीवर आपटला. थप्. दुसरा आपटला. थप्. ओल्या पोत्यावर हात मारावा तसा.

आतून, उंबऱ्यावर: टण्.

मी पुन्हा आपटला. थप्.

टण् टण्.

एवढे दिवस मी त्या आवाजाला उठून जात होते, त्याच्यावर वैतागत होते. तो कसा आहे हे ऐकलं नव्हतं. हलका, कोरडा, आपटून झाल्यावरही क्षणभर हवेत राहणारा. जुन्या घरात वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेला बांबू. दर पाडव्याला तेल प्यालेला.

मी आत गेले.

“काय न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “हायेस का बघितलं.”

मी खाटेवर बसले, काठी हातात घेतली, शेंड्याकडून बोटाने वाजवत आले. वरची पेरं लांब होती, एक तर माझ्या जुन्या बासरीच्या लांबीचं, नितळ. काय चाललंय ते आत्याबाईंना कळलं. काठीवरची त्यांची मूठ आवळली.

हे दारातून म्हणाले, “गुढीच्या काठीला करवत? डोकं फिरलं का तुझं?” पुंजाजीकाका अंगणातून म्हणाले, रूढीला बाध येईल. मी आत्याबाईंकडेच बघत होते. काठी माझ्या सासरची नव्हती. ती आत्याबाईंच्या माहेरची होती, आणि माहेराहून आलेल्या त्यांच्या सगळ्या वस्तूंत आता तेवढीच उरली होती.

“मंग मी तुला बोलवू कशानं?” त्यांनी विचारलं.

“बुडखा तुमच्याकडंच राहील. मी शेंडा घेते.”

“उंबऱ्यापतोर पोचंल का बुडखा?”

“न्हाई पोचणार, आत्याबाई.”

त्यांनी काठी उचलून उंबऱ्यापर्यंत नेली, आपटली नाही, नुसती टेकवली. मग ओढून घेतली.

“गुढी बुटकी व्हईल.”

“व्हईल.”

“व्हऊ दे. देवाला वाकून बघता येतं.” त्यांनी शेंडा माझ्या बाजूला केला. “काप. माझ्यासमोर काप. अंगणात न्हेऊ नको.”

बुडखा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि मी करवत लावली. पांढऱ्या चादरीवर पिवळा भुसा पडला आणि खोलीभर वास सुटला, तेलाचा, धुराचा, कितीतरी पाडव्यांचा. भिंत काकणाएवढी पातळ. आत बोट जाईल अशी पोकळी. भोकांसाठी जुन्या बासरीची मापं घेतली, पण हिची पोकळी निराळी, म्हणून एक भोक चुकलंच. ते मेणाने बुजवून शेजारी दुसरं पाडावं लागलं. प काहीसा तिरपा आहे. राहू दे.

त्या दोन बांबूंच्या उरलेल्या लांबीची ह्यांनी शिडी केली. ती फार छान झाली. दोन माणसं चढली तरी वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर मी कूलर बंद केला.  खिडकीला पडदा लावला, खाटेजवळ बसले आणि खालचा सा लावला. तो आला. आधी थोडी फुंकर, थोडी खरखर, मग तो. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. “पिरपिर,” त्या म्हणाल्या.

मी वाजवत राहिले. नेहमीची धून अर्ध्यावर आली. घोरणं ऐकू येईना. काठीही ऐकू येईना; बुडखा चादरीवर त्यांच्या हाताखाली होता, हात सैल. धून संपली. मी थांबले. खोलीत काहीच आवाज नाही. पदर तोंडावर, तसाच, परवासारखा. पदर हलतोय की नाही ते त्या उजेडात दिसेना. मी बासरी मांडीवर ठेवली. उठले. वाकले. पदर बाजूला न करता तळहात त्यांच्या नाकाशी धरला.

“हाये अजून,” आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “थांबलीस काहून? वाजव.”